विश्लेषण : फोटोशॉपच्या प्लगइनला ‘बिल्ड टूल’ कशाला लागते? जुना मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणताना गाडी कुठे अडते?

पुण्यातल्या पेठांमधील डीटीपी केंद्रांत वीस-वीस वर्षांच्या फायली पडून आहेत. लग्नपत्रिका, दिवाळी अंकांतल्या जाहिराती, गणेश मंडळांच्या अहवालांची मुखपृष्ठे असे त्यात बरेच काही असते. नव्या संगणकावर त्या उघडतात, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची भेळ दिसते. हा मजकूर डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्येच युनिकोडमध्ये बदलणारे छोटे प्लगइन लिहिणे आता जावास्क्रिप्ट येणाऱ्या कोणालाही शक्य आहे. मात्र असे प्लगइन मराठीच्या नियमांपर्यंत पोहोचण्याआधीच पुष्कळदा बंद पडते. त्याचे कारण वेबपॅकसारख्या बिल्ड टूलच्या मांडणीतल्या चार-सहा ओळींत असते.

मजकूर अडकला कसा?

संगणकावर मराठी आणण्याच्या कामात पुण्याचा वाटा मोठा आहे. प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झाले. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाचे काम तेथे पुढे वाढले. भारतीय लिप्यांसाठीचे ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये आले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि त्यात देवनागरीला १२८ स्थानांचा स्वतंत्र गट मिळाला. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपी’ने छापखाने आणि डीटीपी केंद्रांत घर केले.

अडचण अशी की त्या काळातल्या डिझाइन सॉफ्टवेअरला देवनागरी कळत नव्हती. त्याला कळायचे फक्त २५६ खान्यांचे फॉन्ट. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी व्यवहारी मार्ग काढला आणि इंग्रजी अक्षराच्या खान्यात देवनागरी आकार बसवला. पडद्यावर ‘क’ दिसतो, फाइलमध्ये मात्र एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठवलेले असते. छपाईपुरता हा उपाय उत्तम चालला आणि पुढची दोन दशके मराठी छपाईचा मोठा भाग त्यावरच निघाला. पण तो फॉन्ट संगणकावर नसेल तर मजकूर वाचता येत नाही आणि असला तरी शोधता येत नाही. शिवाय प्रत्येक कंपनीची खान्यांची मांडणी निराळी होती.

कन्व्हर्टर आहेतच, मग प्लगइन कशासाठी?

जुन्या फॉन्टचा मजकूर चिकटवला की युनिकोड मजकूर देणारी साधने बरीच आहेत आणि सलग लेखासाठी ती पुरेशी आहेत. पत्रिका किंवा जाहिरात म्हणजे सलग लेख नव्हे. तिथे फोटोशॉपच्या एका फाइलमध्ये तीस-चाळीस मजकुराचे थर असतात आणि प्रत्येकाचा आकार, रंग, वळण वेगळे असते. एकेक थर उघडायचा, मजकूर उचलायचा, बाहेर बदलायचा, परत आणून चिकटवायचा आणि मग फॉन्ट बदलायचा, या उद्योगात नवी पत्रिका करण्यापेक्षा जास्त वेळ जातो. प्लगइनला हे सगळे थर एका दमात वाचता येतात.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कोणत्या अक्षरांना कोणता फॉन्ट लावला आहे हे प्लगइनला दिसते. ‘संपर्क’ हा शब्द जुन्या मराठी फॉन्टमध्ये आणि त्यापुढचा ईमेल साध्या इंग्रजी फॉन्टमध्ये, असा मिश्र मजकूर एकाच थरात असतो. बाहेरच्या कन्व्हर्टरला दोन्ही सारखेच दिसतात आणि तो ईमेलचेही ‘मराठी’ करून टाकतो. प्लगइनने फॉन्टचे नाव पाहून तुकडे पाडले तर हा घोळ होत नाही.

रूपांतर एवढे किचकट का?

एका खान्यातले चिन्ह काढून त्याजागी देवनागरी अक्षर ठेवले की काम झाले, असे वाटते. पण जुने फॉन्ट डोळ्याला दिसणाऱ्या क्रमाने मजकूर साठवतात आणि युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी डावीकडे दिसते, म्हणून जुन्या फाइलमध्ये ती ‘क’च्या आधी असते. युनिकोडमध्ये आधी ‘क’ येतो आणि मग वेलांटी.

‘स्थिती’ हा शब्द घ्या. जुन्या फाइलमध्ये क्रम असतो ऱ्हस्व वेलांटी, अर्धा ‘स’, ‘थ’, ‘त’, दीर्घ वेलांटी. पहिल्या वेलांटीला केवळ पुढच्या अक्षरावरून उडी मारून चालत नाही, तिला ‘स्थ’ हे अख्खे जोडाक्षर ओलांडावे लागते. रफाराची उडी उलट दिशेने असते. ‘वर्षी’ या शब्दात रफार डोळ्याला शेवटी दिसतो, म्हणून तो ‘व’, ‘ष’ आणि दीर्घ वेलांटीनंतर साठवलेला असतो. युनिकोडमध्ये त्याला वेलांटी आणि ‘ष’ ओलांडून मागे, ‘व’च्या लगेच पुढे जावे लागते, तेही पाय मोडलेल्या ‘र’च्या रूपात. काही फॉन्टांत तर ‘ग’ हे अक्षरही अर्धा ‘ग’ आणि उभा दंड अशा दोन तुकड्यांत साठवलेले असते. त्यामुळे एक दंड आला तर ‘ग’ आणि दोन आले तर ‘गा’ हे ओळखावे लागते.

खास मराठीच्या अडचणी निराळ्याच. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात नुक्त्याचा ‘ऱ’ वापरतात, तर दुसऱ्यात साधा ‘र’, पायमोड आणि जोडणीचे अदृश्य चिन्ह. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात, पण एकाने लिहिलेला शब्द दुसऱ्याने शोधला तर सापडत नाही. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले २००८ मध्ये, पाच दशांश एक या आवृत्तीत. त्याआधी तो ‘अ’वर चंद्र देऊन लिहिला जाई. तेव्हा प्लगइन लिहिणाऱ्याला सुरुवातीलाच एक रूप ठरवून सर्वत्र तेच वापरावे लागते. हिंदीसाठी लिहिलेला तक्ता जसाच्या तसा उचलला तर पहिली ठेच इथेच लागते.

हे नियम एका जागी, शंभर-दोनशे ओळींच्या तक्त्यात आणि त्याला लागून लिहिलेल्या क्रम बदलणाऱ्या फंक्शनमध्ये नीट मांडता येतात. खरी बौद्धिक मेहनत तेवढीच आहे. बाकी प्रश्न हा तक्ता फोटोशॉपच्या आत नेऊन चालवण्याचा.

फोटोशॉपमध्ये जावास्क्रिप्ट चालते कशी?

अॅडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये जावास्क्रिप्टच्या तीन पिढ्या आजही भेटतात. पहिली ‘एक्स्टेंडस्क्रिप्ट’. तिचा पाया १९९९ च्या जावास्क्रिप्ट मानकावर आहे, त्यामुळे गेल्या पंचवीस वर्षांत भाषेत आलेल्या सोयी तिला ठाऊक नाहीत. दुसरी ‘सीईपी’. यात पॅनल म्हणजे सॉफ्टवेअरच्या आत बसवलेला क्रोमियम ब्राउझरच असतो आणि तो प्रत्यक्ष फाइलला हात लावण्यासाठी एक्स्टेंडस्क्रिप्टला निरोप धाडतो. तिसरी ‘यूएक्सपी’. ती फोटोशॉपमध्ये ऑक्टोबर २०२० मध्ये, म्हणजे बाविसाव्या आवृत्तीपासून सर्वांसाठी खुली झाली आणि इनडिझाइनमध्ये त्यानंतर दोन-तीन वर्षांत आली.

यूएक्सपीचे पॅनल ब्राउझरसारखे दिसते, पण तो ब्राउझर नाही. एचटीएमएल आणि सीएसएसचा काही भागच त्याला कळतो. त्या बदल्यात फोटोशॉपच्या थरांशी थेट बोलता येते, मध्ये निरोप्या लागत नाही. ॲपलच्या नव्या चिपवर २०२१ मध्ये फोटोशॉपची मूळ आवृत्ती आली, तेव्हा सीईपीची जुनी पॅनल तिच्यात चालेनाशी झाली. ती चालवायची तर फोटोशॉप ‘रोझेटा’ या अनुवादकातून उघडावे लागे. त्यानंतर नवे काही लिहायचे तर यूएक्सपीतच, ही दिशा स्पष्ट झाली.

मग बिल्ड टूलचे काम काय?

प्लगइन एका फाइलमध्ये लिहिता येते आणि शंभर ओळींचे असेल तर तसेच लिहावे. पण तक्ता एका फाइलमध्ये, क्रम बदलण्याचे नियम दुसऱ्या, पॅनलची बटणे तिसऱ्या आणि चाचण्या चौथ्या असे झाले, त्यात रिॲक्टसारखे बाहेरचे ग्रंथालय आले, की या सगळ्यांचा एक गठ्ठा बांधणारा कोणीतरी लागतो. वेबपॅक हे काम करतो. टोबियास कोपर्स यांनी २०१२ च्या सुमारास तो सुरू केला आणि सध्या सर्वत्र वापरात असलेली पाचवी आवृत्ती ऑक्टोबर २०२० मध्ये आली.

पद्धत सरळ आहे. त्याला एक आरंभीची फाइल दाखवायची. ती कोणाला बोलावते, ते पुढे कोणाला बोलावतात, अशी साखळी तो धुंडाळतो आणि सगळे मिळून एक फाइल तयार करतो. वाटेत नवी जावास्क्रिप्ट जुनीत बदलणे, सीएसएस आत घेणे, मोकळ्या जागा काढून फाइल लहान करणे ही कामेही होतात. या सूचना ‘वेबपॅक डॉट कॉन्फिग डॉट जेएस’ या फाइलमध्ये लिहिलेल्या असतात.

गोची अशी की वेबपॅक मुळात वेबसाइटसाठी बनलेला आहे. काहीच सांगितले नाही तर तो ब्राउझर गृहीत धरतो आणि फोटोशॉप ब्राउझर नाही. पुढचे बहुतेक घोळ या एका गृहीतकातून जन्मतात.

‘फोटोशॉप’ सापडत नाही, असे का म्हणतो?

प्लगइनच्या पहिल्याच ओळीत ‘रिक्वायर’ करून ‘फोटोशॉप’ हे मॉड्युल मागितलेले असते, कारण थर वाचण्याची दारे तिथून उघडतात. वेबपॅक साखळी धुंडाळत इथे येतो, संगणकावर ‘फोटोशॉप’ नावाचे पॅकेज शोधतो आणि ते नसल्याने बिल्ड तिथेच थांबवतो. नवशिके अशा वेळी एनपीएमवर त्या नावाचे काही मिळते का ते पाहून बसवायला जातात. हे करू नये. मिळाले तरी ते अॅडोबीचे नसेल, आणि अनोळखी पॅकेज आत घेणे धोक्याचे असते.

हे मॉड्युल मुळात गठ्ठ्यात यायचेच नसते. ते प्लगइन चालताना फोटोशॉप स्वतः पुरवते. पंगतीला जाताना कोणी ताट घरून नेत नाही, तसेच. ते यजमानांकडे असते. वेबपॅकला हे ‘एक्स्टर्नल्स’ या कलमात सांगावे लागते. तिथे फोटोशॉप आणि यूएक्सपी ही दोन नावे हवीत, फाइल किंवा संगणकाची माहिती लागत असेल तर ‘एफएस’ आणि ‘ओएस’ हीसुद्धा. वेबपॅक ४ पर्यंत नोडच्या अशा मॉड्युलांची ब्राउझरसाठीची पर्यायी रूपे आपोआप गठ्ठ्यात येत. पाचव्या आवृत्तीने ते बंद केले, म्हणून जुनी मांडणी नव्या वेबपॅकवर नेली की अचानक चुका दिसू लागतात.

इथे एक बारीक खाच आहे आणि तीत बरेच जण पडतात. एक्स्टर्नल्समध्ये नुसते ‘फोटोशॉप’ एवढेच लिहिले तर बिल्ड बिनतक्रार पार पडते, पण प्लगइन उघडताच कोसळते. नुसते नाव दिल्यावर वेबपॅक त्याला ब्राउझरमधला जागतिक व्हेरिएबल समजतो आणि तसा व्हेरिएबल यूएक्सपीत नसतो. नावापुढे ते ‘कॉमनजेएस२’ पद्धतीने मागायचे आहे, असे लिहावे लागते. मग गठ्ठ्यात ‘रिक्वायर’ची ओळ तशीच राहते आणि ती यजमानापर्यंत पोहोचते. आधीची चूक निदान लिहिणाऱ्याच्या पडद्यावर दिसत होती. ही चूक बिल्डमधून सुटून प्लगइन वापरणाऱ्याच्या पडद्यावर जाते, म्हणून ती अधिक वाईट.

पॅनल उघडते, पण पांढरे का राहते?

वेबपॅकला ‘डेव्हलपमेंट’ आणि ‘प्रॉडक्शन’ असे दोन मोड आहेत. डेव्हलपमेंटमध्ये बिल्ड लवकर व्हावी आणि चूक कोणत्या फाइलमध्ये आहे ते कळावे म्हणून तो प्रत्येक मॉड्युल एका अक्षरमालेत गुंडाळतो आणि ‘इव्हॅल’ या फंक्शनने चालवतो. म्हणजे कोड आधी मजकूर असतो आणि चालताना त्याचा कोड होतो. बाहेरून आलेला मजकूर असा चालवता येणे हा सुरक्षेतला मोठा भगदाड असतो, म्हणून यूएक्सपी त्याला मुळात परवानगी देत नाही.

परिणामी नेहमीच्या अनुभवाच्या उलट घडते. एरवी लिहिणाऱ्याकडे चालते आणि ग्राहकाकडे बिघडते. इथे प्रॉडक्शनचा गठ्ठा चालतो आणि रोजच्या कामाचा गठ्ठा पांढरे पॅनल दाखवतो. उपाय एका ओळीचा आहे. ‘डेव्हटूल’ या कलमात इव्हॅल नसलेला सोर्स मॅपचा प्रकार निवडायचा किंवा ते पूर्ण बंद करायचे. मॅनिफेस्टच्या पाचव्या आवृत्तीत मजकुरापासून कोड तयार करण्याची परवानगी मागण्याची सोयही आहे. पण केवळ स्वतःच्या सोयीसाठी ती मागणे आणि ती तशीच ग्राहकापर्यंत जाऊ देणे योग्य नाही. लग्नपत्रिकेचा फॉन्ट बदलणाऱ्या प्लगइनला तिची काहीच गरज नसते.

तीच गोष्ट इंटरनेटच्या परवानगीची. रूपांतराचा तक्ता गठ्ठ्यातच असेल तर प्लगइनला कोणत्याही सर्व्हरकडे जावे लागत नाही. ग्राहकाची नावे, पत्ते, फोन क्रमांक संगणकाबाहेर जात नाहीत आणि मॅनिफेस्टमधले नेटवर्कचे कलम रिकामे ठेवता येते. डीटीपी केंद्रवाल्याला हे पटवून देणे सोपे जाते.

मॅनिफेस्ट कुठे ठेवायचा?

मॅनिफेस्ट ही प्लगइनची ओळखपत्रिका. तिच्यात प्लगइनचा आयडी, नाव, आवृत्ती, कोणत्या यजमानात चालेल, त्याची किमान आवृत्ती आणि हव्या असलेल्या परवानग्या लिहिलेल्या असतात. वेबपॅक मात्र साखळीत सापडलेल्याच फाइली उचलतो. मॅनिफेस्ट, पॅनलचे एचटीएमएल आणि चिन्हे यांना कोणी ‘बोलावलेले’ नसते, म्हणून ती मागे राहतात. ‘कॉपी वेबपॅक प्लगइन’ने ती जशीच्या तशी ‘डिस्ट’ फोल्डरमध्ये न्यावी लागतात.

पुढची चूक हमखास होते. अॅडोबीच्या ‘यूएक्सपी डेव्हलपर टूल’मध्ये प्लगइन जोडताना मूळ फोल्डरमधला मॅनिफेस्ट निवडला जातो. त्याच्या शेजारी तयार गठ्ठा नसतो, तेव्हा काहीच घडत नाही. निवडायचा तो डिस्टमधला. वेबपॅक ‘वॉच’वर ठेवला आणि डेव्हलपर टूलमध्येही ‘वॉच’ चालू केले की फाइल जतन करताच पॅनल ताजे होते. पण मॅनिफेस्टमध्ये बदल केला तर प्लगइन काढून पुन्हा लोड करावे लागते. हे माहीत नसल्याने अख्खी दुपार वाया जाऊ शकते.

एक चूक बिल्डची वाटते, पण तिची नसते. फोटोशॉपच्या नव्या एपीआयमध्ये दस्तऐवजात काहीही बदल करायचा तर तो ‘एक्झिक्यूट ॲज मोडल’ या आवरणातच करावा लागतो. थर वाचता येतात, लिहिता मात्र येत नाहीत, असे झाले की वेबपॅकची मांडणी उकरत बसू नये. आधी हे आवरण आहे का ते पाहावे.

जुने इनडिझाइन वापरणाऱ्यांचे काय?

प्रत्येक केंद्राकडे ताजी आवृत्ती नसते. मासिके, पुस्तके जुळवणारे अनेक जण जुन्या इनडिझाइनवर आहेत आणि तिथे एक्स्टेंडस्क्रिप्टला पर्याय नाही. तोच तक्ता तिथे न्यायचा तर गठ्ठा १९९९ च्या भाषेत उतरवावा लागतो. ‘बेबेल’ने स्वतःचा कोड जुन्या रूपात आणला तरी काम संपत नाही, कारण वेबपॅक ५ गठ्ठ्याभोवती स्वतःचा थोडा कोड घालतो आणि त्यात बाणाची फंक्शने असतात. एक्स्टेंडस्क्रिप्टला ती कळत नाहीत. म्हणून ‘टार्गेट’ या कलमात ‘ईएस५’ असे स्पष्ट सांगावे लागते, आणि तरीही तयार गठ्ठा एकदा प्रत्यक्ष इनडिझाइनमध्ये चालवून पाहावाच लागतो. ईएस५ आणि १९९९ चे मानक यांतही अंतर आहे.

मराठीसाठी सर्वांत महत्त्वाची खाच याच टप्प्यावर आहे. तक्त्यात देवनागरी अक्षरे थेट लिहिलेली असतात आणि गठ्ठ्यातही ती तशीच उतरतात. फाइल कोणत्या सांकेतिक पद्धतीत आहे हे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने चुकीचे ओळखले की रूपांतराचा तक्ताच बिघडतो. भेळ दुरुस्त करायला गेलेले प्लगइन नवी भेळ तयार करते. फाइल लहान करणाऱ्या ‘टर्सर’ला ‘आस्की ओन्ली’ हा पर्याय चालू करायला सांगितले तर तो प्रत्येक देवनागरी अक्षर त्याच्या युनिकोड क्रमांकाच्या रूपात लिहितो. गठ्ठा थोडा जाड होतो, पण वाचणारा कोणीही असला तरी अक्षरे बिघडत नाहीत. हा पर्याय मुळात बंद असतो. सीईपीच्या पॅनलमध्ये एचटीएमएलच्या माथ्यावर यूटीएफ-८ ची नोंद नसेल तरी असाच घोळ होतो.

रूपांतर झाल्यावर लगेच युनिकोड फॉन्ट लावणेही प्लगइनचेच काम. जुना फॉन्ट तसाच राहिला तर चौकोन दिसतात. शिवाय इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ लावला नाही तर जोडाक्षरे तुटतात आणि वेलांट्या भलत्या जागी जातात. मजकूर बरोबर असतो, मांडणी चुकते, आणि दोष रूपांतरावर येतो. फॉन्ट मात्र प्लगइनच्या गठ्ठ्यात घालू नये. परवाना परवानगी देत असेल तरच तो वाटता येतो. मुक्त परवान्याचे देवनागरी फॉन्ट आता चांगले मिळतात, वापरणाऱ्याने ते स्वतः बसवणे सरळ.

फिग्मासाठी वेगळे काही?

नव्या पिढीतले डिझायनर फिग्मावर काम करतात. त्यात प्लगइनची सोय २०१९ मध्ये आली. तिथे प्लगइनचे दोन भाग असतात. एक भाग बंदिस्त खोलीत चालतो. त्याला दस्तऐवज दिसतो, पण पडदा दिसत नाही. दुसरा पडद्यावर असतो, पण त्याला दस्तऐवज दिसत नाही. दोघे निरोप पाठवून बोलतात. त्यामुळे वेबपॅकला आरंभीच्या दोन फाइली द्याव्या लागतात. पडद्याच्या भागातली जावास्क्रिप्ट आणि सीएसएस एचटीएमएलमध्येच भरून एकच फाइल द्यावी लागते, कारण शेजारची फाइल उचलायला तिथे जागा नाही. इव्हॅल इथेही वेगळे वागते, म्हणून डेव्हलपमेंटमध्ये ‘इनलाइन सोर्स मॅप’ वापरतात. मजकूर बदलण्याआधी फॉन्ट लोड करण्याची सक्तीही आहे.

तीन यजमान, मग तीन प्लगइन लिहायची?

नाही, आणि बिल्ड टूलचा खरा फायदा इथे कळतो. वेबपॅकच्या मांडणीत एकाऐवजी अनेक मांडण्यांची यादी देता येते. तक्ता आणि क्रमाचे नियम एका फोल्डरमध्ये ठेवायचे. त्यांनी ‘फोटोशॉप’चे नावही घ्यायचे नाही, फक्त अक्षरमाला घ्यायची आणि अक्षरमाला परत द्यायची. प्रत्येक यजमानासाठी थर वाचण्या-लिहिण्याचा पातळ भाग वेगळा. मग एका आज्ञेत तीन गठ्ठे तयार होतात. ‘दुसऱ्या’, ‘स्थिती’, ‘वर्षी’, ‘मर्त्य’ असे त्रासदायक शब्द घेऊन केलेल्या चाचण्या फोटोशॉप न उघडता नोडवर काही सेकंदांत चालतात. फॉन्टच्या नव्या आवृत्तीसाठी तक्त्यात एक ओळ वाढली तर ती तिन्हीकडे पोहोचते. तक्ता प्लगइनच्या कोडमध्येच विरघळवून टाकला असेल तर यजमान बदलला की पुन्हा शून्यापासून सुरुवात होते. मराठीवरची सगळी मेहनत अशाने एका कंपनीच्या एका आवृत्तीला बांधली जाते.

वेबपॅकच हवा असे नाही. ‘ईएसबिल्ड’ कितीतरी वेगवान आहे, आणि तो लिहिणारे इव्हान वॉलेस हे फिग्माचे सहसंस्थापक. ‘व्हीट’ही लोकप्रिय आहे. पण ईएसबिल्ड आजची भाषा पूर्णपणे ईएस५ पर्यंत उतरवत नाही, म्हणून एक्स्टेंडस्क्रिप्टचा गठ्ठा त्याच्या एकट्याच्या जोरावर निघत नाही. साधन कोणतेही घेतले तरी यजमान काय पुरवतो, इव्हॅल चालते का आणि देवनागरी अक्षरे कोणत्या रूपात उतरतात, हे त्याला सांगावेच लागते.

तयार प्लगइन डीटीपी केंद्रापर्यंत कसे जाते?

प्रॉडक्शन मोडमध्ये बिल्ड करून डेव्हलपर टूलमधून ‘पॅकेज’ केले की ‘सीसीएक्स’ फाइल मिळते. ती दोनदा क्लिक केली की क्रिएटिव्ह क्लाउडमार्फत प्लगइन बसते, केंद्रचालकाला नोड किंवा वेबपॅकचे नावही ऐकावे लागत नाही. पहिल्या वापरात मूळ फाइलवर काम न करता तिची प्रत काढून तिच्यावर रूपांतर होईल, अशी व्यवस्था प्लगइनमध्येच असलेली बरी. जुना फॉन्ट ओळखता आला नाही तर त्या थराला हात न लावता त्याचे नाव यादीत दाखवावे. वीस वर्षांपूर्वीच्या पत्रिकेतले आडनाव चुकीचे बदलले गेले तर ते नंतर तपासायला मूळ मजकूर जागेवर हवा.